लाल अक्षरांत स्केरिट

स्टोकनीच्या कॉम्पमध्ये, म्हणजे गावच्या सगळ्या पोरांच्या एकत्र शाळेत, कुणाचं काही हरवलं की त्याला ऑफिसातल्या बेव्हर्ली पास्कच्या खिडकीशी यावं लागे, आणि तिथे आलं की आधी चार शब्द ऐकून घ्यावे लागत.

"डोकं आणलंयस ना बरोबर? की तेही व्यायामशाळेत राहिलं?" ती चष्म्यावरून बघत विचारी.

अकरा वर्षांचं नवं पोर असो की सोळा वर्षांचा सहा फुटी दांडगोबा, त्या खिडकीसमोर सगळे सारखेच चुळबुळत. बेव्हर्लीचं तोंड तिखट होतं, पण हात मायेचा होता. गुडघा फुटला, पोट दुखलं, मैत्रिणीने दगा दिला, काहीही असो, तिच्याकडे औषध एकच: ओला कागदी रुमाल. तो कपाळावर ठेवायचा आणि पाच मिनिटं गप्प बसायचं. अडतीस वर्षांत निम्म्या गावाची दुखणी तिने अशीच बरी केली होती आणि आता त्या पोरांची पोरं रुमालासाठी तिच्याकडे येत होती.

जिन्याखालचं हरवलं-सापडलं कपाट मात्र तिचं खास राज्य. तिथून वस्तू न्यायची तर ओळख पटवावी लागे. "स्वेटर माझाच आहे, मिस" एवढ्याने भागत नसे. "नाव कुठंय त्यावर?" ती विचारी. हल्लीच्या आया कपड्याच्या आतल्या लेबलावर बॉलपेनने दोन अक्षरं खरडतात, ती तिसऱ्या धुण्यात जातात. बेव्हर्लीला त्याचा मनापासून राग होता. तिच्या आईच्या काळी नावं विणून यायची. पांढरी अरुंद पट्टी, तिच्यावर लाल अक्षरं, आणि ती पट्टी मोज्यापासून कोटापर्यंत प्रत्येक कपड्याच्या आत चारी बाजूंनी शिवून टाकायची. असं नाव माणसापेक्षा जास्त टिकतं, असं ती म्हणे. ऐकणाऱ्यांना ती थट्टा वाटे.

या जूनमध्ये ती निवृत्त होणार होती. अकरावीच्या, म्हणजे शाळेतल्या सगळ्यात वरच्या वर्गाचा शेवटचा पेपर झाला की निरोपाचा दिवस, आणि त्याच दिवशी तीही निघणार. सुट्टीत जिना रंगवणार, कपाट काढणार, तिथे काचेचा स्वागतकक्ष करणार, असं ठरलं होतं. ऑफिसातल्या टेगन नावाच्या तरुण मुलीला कधी एकदा ते कपाट फेकून देते असं झालं होतं.

"बेव्ह, मी करू का ते रिकामं? आत एक बूट आणि चौदा पाण्याच्या बाटल्या आहेत नुसत्या. एका बाटलीत काहीतरी उगवलंय."

"हात लावायचा नाही."

"अहो, पण कशासाठी?"

"अजून एक वस्तू यायचीय," बेव्हर्ली म्हणाली आणि हजेरीच्या पडद्याकडे वळली.

टेगनला वाटलं, पार्सल असेल. तिने पुन्हा विचारलं नाही.

बेव्हर्लीचं माहेरचं आडनाव स्केरिट. हे आता शाळेत एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो होता केअरटेकर लेस थर्टल. स्केरिटांचं घर गावात एकच होतं. आई, वडील, बेव्हर्ली, आणि तिच्याहून तीन वर्षांनी धाकटा ट्रेव्हर. आई हिशेबी बाई. विणलेल्या पट्ट्या मागवताना तिने नावाचं आद्याक्षर घातलंच नाही. नुसतं 'स्केरिट'. "दोघांना चालतील," ती म्हणाली. "आणि धाकट्याचं थोरलीला आणि थोरलीचं धाकट्याला गेलं तरी घरातच राहील." सहा डझनांहून कमी कोणी विणून देत नसे, म्हणून सहा डझन आल्या. पांढरा दोरा संपला होता, तर आईने त्या हिरव्या दोऱ्याने शिवल्या. प्रत्येक पट्टीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर ती दोन गाठी मारायची. एक गाठ सुटते, दोन सुटत नाहीत, असं तिचं म्हणणं.

ट्रेव्हरचा ब्लेझर तर त्या वर्षी गावाची करमणूक होती. पोरगा अकरा वर्षांचा, जेमतेम बेव्हर्लीच्या खांद्याला लागणारा, आणि ब्लेझर सोळा वर्षांच्या मुलाच्या मापाचा. वाढत्या अंगाचा म्हणजे किती वाढत्या अंगाचा! बाह्या आत दुमडून दुमडून आईने टाचल्या होत्या. दरवर्षी एक दुमड सोडायची, पाचव्या वर्षी शेवटची, आणि शाळा संपेपर्यंत दुसरा ब्लेझर घ्यायचा नाही. दुमडूनही त्या बाह्या बोटांवर यायच्या. लेस त्याच वर्गात होता. तो आणि बाकीचे ट्रेव्हरला पेंग्विन म्हणायचे. ट्रेव्हरला राग येत नसे. तो हात हलवत पेंग्विनसारखा चालून दाखवी. लिहिताना मात्र तो पेन इतकं दाबायचा की पूर्णविराम वाटाण्याएवढा पडे आणि कागद फाटे. त्याच्या वह्या बघून मास्तर म्हणत, "स्केरिट, शाई फुकट मिळते काय रे तुझ्या घरी?"

आता फाटकांचं सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथेच झाला.

शाळेच्या इमारतीत पूर्वी दोन शाळा होत्या, मधे भिंत. पूर्वेच्या फाटकावर दगडात 'मुलगे' कोरलेलं, पश्चिमेच्या फाटकावर 'मुली'. बेव्हर्ली बारा वर्षांची असताना ती भिंत पाडली आणि गावातली सगळी पोरं, हुशार आणि ढ, मुलगे आणि मुली, एका छपराखाली आणली. हेडमास्तरांनी सांगितलं, आता कुणीही कुठल्याही फाटकाने यावं, अक्षरांना अर्थ राहिला नाही. अक्षरं काही कुणी खोडली नाहीत. दगड फोडायला खर्च येतो. पोरांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी मुलगे मुलग्यांच्या फाटकाने आले, मुली मुलींच्या. पुढे कितीतरी वर्षं तसंच चाललं. नुसतं 'फाटकाशी थांब' म्हटलं की मुलगा एका टोकाला जाणार आणि मुलगी दुसऱ्या, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

ट्रेव्हरचं ते पहिलंच सत्र. नोव्हेंबरमधला दिवस, दुपारपासून धुकं इतकं की मैदानावरचे गोलपोस्ट दिसेनात. सकाळी आई म्हणाली होती, "बेव्ह, आज त्याच्यासाठी फाटकाशी थांबायचं, कळलं? एकट्याला सोडून आलीस तर बघ." शाळा सुटली. ट्रेव्हर घरी आला नाही. दुसऱ्या दिवशी कालव्याच्या बांधावर त्याचं दप्तर सापडलं. आमच्याकडे कालवे रुळासारखे सरळ आणि काठ साबणासारखे, आणि भरतीच्या वेळा सांभाळून कालव्याचे दरवाजे उघडले की पाणी थेट समुद्राला जाऊन मिळतं. दप्तर सापडलं. मुलगा सापडला नाही, त्याच्या अंगावरचा कपडाही सापडला नाही, आणि खांद्याला अडकवलेली खेळाची पिशवीही नाही.

चौकशी झाली. कोट घातलेल्या गृहस्थाने बेव्हर्लीला हळुवारपणे विचारलं, "तू कुठे थांबली होतीस, बाळ?"

"फाटकाशी."

"किती वेळ?"

"दहा-पंधरा मिनिटं. तो आलाच नाही."

तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की पोरगी एका फाटकाशी होती आणि पोरगा दुसऱ्या. चुकामूक झाली. गृहस्थाने कागदावर तेच लिहिलं आणि गावानेही तेच धरून ठेवलं. आईने वीस वर्षांपूर्वी डोळे मिटले, तोवर ती बेव्हर्लीला एका शब्दाने बोलली नाही. "तुझी काय चूक गं? मेली ती अक्षरं," एवढंच म्हणायची. कौन्सिलने मुलग्यांच्या फाटकाला साखळी घातली आणि मग तिथे काटेरी जाळी वाढत गेली.

खरी गोष्ट अशी की बेव्हर्ली मुलींच्या फाटकाशी अर्धं मिनिटही थांबली नव्हती. कीथ पास्क नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा तिथे सायकल धरून उभा होता. ट्रेव्हर पलीकडच्या फाटकाशी असणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. 'आईने कुठलं फाटक ते सांगितलं नाही' हे उत्तर तिने वर्गातच तयार करून ठेवलं होतं. ती आणि कीथ कालव्याच्या त्याच बांधावरून गेले, कारण त्या वाटेने धुक्यात कुणी बघत नाही. वाटेत मागून काहीतरी ओरडलं. लांबून, चिरकं. मग पुन्हा, मग पुन्हा. असं तीनदा. "बगळा आहे," कीथ म्हणाला. धुक्यात बगळे तसेच ओरडतात. पुढे कीथशी तिचं लग्न झालं, तो तीस वर्षं साखरबिटाचा ट्रक चालवत राहिला, दोघांनी एकमेकांशी हरतऱ्हेचं भांडण केलं, पण त्या दुपारबद्दल कधी विषय निघालाच तर तो बगळ्यापाशी येऊन संपायचा. कीथच्या म्हणण्याप्रमाणे तो बगळा होता. बेव्हर्लीच्या म्हणण्याप्रमाणेही.

ती शाळेत कामाला लागली त्या पहिल्याच नोव्हेंबरात कपाटात एक खेळाची पिशवी आली. कुणी आणून टाकली ते कळलं नाही. तिने सवयीने नाव बघायला पिशवीचं तोंड उलटं केलं. लाल अक्षरांत स्केरिट. हिरवा दोरा. खालच्या डाव्या कोपऱ्यावर दोन गाठी.

त्या दिवशी ओला कागदी रुमाल तिने स्वतःच्याच कपाळावर ठेवला.

पिशवी तिने घरी नेली आणि कीथसमोर टेबलावर ठेवली. त्याने ती हातातही घेतली नाही. "जुनं काहीतरी पोटमाळ्यावरून निघालं असेल. जाळून टाक," तो म्हणाला. तिने जाळली नाही, खणात ठेवली. मग चार वर्षांनी खेळाची चड्डी आली, अकरा वर्षांच्या मुलाच्या मापाची. पिशवीही कोरडी होती आणि चड्डीही, फक्त तिला मैदानाच्या चिखलाचा वास होता. मग मोजे आले, आणि ते मात्र मोठे होते. मग फुटबॉलची जर्सी, तेरा वर्षांच्या मुलाला बसेल अशी. सहा-सात वर्षांनी टाय, तोंडाने चावलेल्या टोकाचा. पाठोपाठ स्वेटर, तोही मोठा, आणि त्याच्या कोपरावर आईच्या हाताची रफू. तोवर आईला जाऊन सहा वर्षं झाली होती.

आई गेली तेव्हा बेव्हर्लीने तिचा शिवणाचा डबा उघडला होता. सहा डझनांतल्या निदान निम्म्या पट्ट्या उरायला हव्या होत्या. डब्यात एकही नव्हती.

आता कुणी म्हणेल, बाई घाबरली कशी नाही? घाबरली ना. पहिली दहा वर्षं तर ते कपाट उघडताना ती दोन पावलं मागे उभी राहायची. पण रोज सातशे पोरांच्या गलक्यात बसणाऱ्या माणसाला भीतीला वेळ कुठून मिळणार? हळूहळू भीती गेली आणि ती वाट पाहू लागली. आईने जपून ठेवलेली गणवेशाची जुनी यादी तिच्याकडे होती, आठ वस्तूंची. वस्तू आली की ती तिच्यावर पेन्सिलीने खूण करी. यादी संपेल तेव्हा तो येईल, असं तिच्या मनाने घेतलं होतं. स्वतःचे कपडे मागायला तो खिडकीशी येईल, ती विचारील "नाव कुठंय त्यावर?", आणि मग ती त्याला ते सांगून टाकील. फाटकाचं. चुकामूक झाली नव्हती, हे. जगात दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नव्हता. आई गेली. तीन वर्षांपूर्वी कीथ गेला. तिच्या मनातली ती एक गोष्ट ऐकण्याचा हक्क फक्त ट्रेव्हरचा होता, आणि कपाट गेलं, ती गेली, की तो येणार तरी कुठे?

आदल्या सप्टेंबरात यादीत दोनच वस्तू उरल्या होत्या, ब्लेझर आणि पांढरा शर्ट. त्या महिन्यात एका सकाळी लेस थर्टल खिडकीशी आला. एरवी तो आला की आधी थट्टा करायचा. त्या दिवशी त्याने हातातला ब्लेझर नुसता टेबलावर ठेवला.

"कपाटाच्या दाराला अडकवलेला होता. मी काल रात्री कुलूप घातलं तेव्हा नव्हता, आणि सकाळी मीच पहिला आलो."

बेव्हर्लीने कॉलर उलटवली. पट्टी होतीच. मग तिने बाही हातात घेतली. ती पूर्ण लांब होती. एकही दुमड उरली नव्हती. जिथे जिथे दुमड सोडली होती तिथे कापडावर फिकी आडवी रेघ राहिली होती, एकाखाली एक. कोपरं झिजून चकाकत होती, आणि खिशाची कड हात घालून घालून फाटली होती.

लेसने बोटाने रेघा मोजल्या.

"तेव्हा पहिलीच दुमड सोडायची होती त्याची," तो म्हणाला. "ख्रिसमसनंतर सोडणार होती तुझी आई. आम्ही त्याला चिडवायचो ना."

"ठाऊक आहे मला."

"माझ्याही ब्लेझरला अशाच रेघा होत्या, बेव्ह. पाचव्या वर्षाच्या शेवटी." त्याने बाही खाली ठेवली. "पन्नास वर्षं लागली, पण पुरा वापरला बघ पेंग्विनने. म्हणजे यंदा सुटणार तो."

"गप बस, लेस."

"बसतो," लेस म्हणाला आणि खरंच गेला.

मग हिवाळा गेला, वसंत गेला. शर्ट आला नाही. बेव्हर्ली दिवसातून चार वेळा कपाट उघडून बघू लागली आणि टेगन तिच्याकडे चोरून बघू लागली.

निरोपाच्या दिवशी ऊन कडक होतं. अकरावीची पोरं पेपर टाकून मैदानावर उधळली आणि एकमेकांच्या शर्टांवर लिहायला लागली. आमच्याकडची ही रीतच आहे. शेवटच्या दिवशी गणवेशाचा पांढरा शर्ट सगळ्यांपुढे धरायचा आणि ज्याने त्याने जाड पेनाने त्यावर सही करायची, चांगलं, वाईट, जे सुचेल ते लिहायचं. पाठीवरचं कुणी काय लिहिलं ते घरी जाऊन शर्ट काढल्यावरच कळतं, आणि खरं ते पाठीवरच लिहितात. चार तासांत शर्टाचा मूळ रंग दिसेनासा होतो. ज्याच्या शर्टावर जागा उरली त्याला मित्र नाहीत असं धरून चालतात, म्हणून काही पोरं स्वतःच डाव्या हाताने दोन-तीन सह्या करून घेतात. बेव्हर्लीला ती पोरं बरोबर ओळखू येत. ती मुद्दाम खिडकीतून बाहेर येऊन त्यांच्या शर्टावर सही करी.

"मिस, तुमचाही शेवटचा दिवस ना? पाठ करा इकडे!" चार मुली पेनं उपसून खिडकीशी आल्या.

"माझा ब्लाउज नवा आहे. पळा, नाहीतर तुमच्या नाकावर सही करीन."

"मिस, एवढ्या उन्हात कार्डिगन? वितळाल!"

तिने कार्डिगनची बटणं गळ्यापर्यंत लावली होती ती याच पोरट्यांच्या भीतीने. दिवसभर तिने ते काढलं नाही.

तीन वाजेपर्यंत पोरं पांगली. ऑफिसने केक कापला, टेगन रडली, हेडबाईंनी फुलं दिली आणि बेव्हर्लीचं नाव बेथनी असं घेतलं. साडेतीनला ती जिन्याखाली गेली. कपाट उघडायला तिचा हात होईना. यात नसेल तर संपलं, असं ती स्वतःशी म्हणाली आणि दार ओढलं.

बूट होता. चौदा बाटल्या होत्या. आणि त्यांच्यावर व्यवस्थित घडी घातलेला पांढरा शर्ट होता, इस्त्री केलेला, अजून थोडासा कोमट.

तिने घडी उलगडली. मोठा शर्ट, सोळा वर्षांच्या मुलाचा. कॉलरच्या आत लाल अक्षरांत स्केरिट. बाकी सगळा कोरा. छातीवर नाही, बाह्यांवर नाही, पाठीवरही कुणी एक रेघ ओढलेली नव्हती. पाच वर्षं त्याने शाळा केली आणि निरोपाच्या दिवशी सही करायला त्याला एकही जण भेटला नाही. खिशात निळं जाड पेन होतं. बेव्हर्लीला हुंदका आला आणि तिने तो थांबवला नाही. अकरा वर्षांचा तिचा भाऊ इतका मोठा झाला आणि तिने त्याला एकदाही पाहिलं नव्हतं.

लेसला तिने काहीच सांगितलं नाही. "मुलग्यांचं फाटक उघडून दे," एवढंच म्हणाली. लेसने शर्टाकडे पाहिलं, कात्री आणली, काटेरी जाळी कापली, साखळी काढली आणि मागे न बघता निघून गेला.

पन्नास वर्षांत ती त्या फाटकाशी पहिल्यांदा उभी राहत होती. समोर सपाट शेतं, मधून कालव्याची सरळ रेघ, वारा अजिबात नाही. तिने शर्ट गजांवर पसरला, पाठीची बाजू वर घेतली आणि लिहिलं. अक्षरं मोठी काढली: 'मी इथे आलेच नाही. तू इथे आहेस हे मला ठाऊक होतं. बेव्ह.' मग खांद्यांपाशी धरून तिने तो गजांना अडकवला आणि बाजूच्या दगडाला पाठ लावून उभी राहिली. त्या दिवशी थांबायला हवं होतं तशी, वेळ न बघता.

कुणी आलं नाही. शेतांवर ऊन स्थिर पडून होतं. बराच वेळ गेल्यावर तिच्या लक्षात आलं की पक्षी ओरडायचे थांबलेत, रस्त्यावरची एकही गाडी ऐकू येत नाही, आणि शाळेच्या बाजूने कुणीतरी रेतीवरून पाय घासत चाललंय. मोठे बूट सैल असले की पाय घासतो तसं. तिने मान वळवली नाही. वळवायची हिंमतच झाली नाही. दगडाला टेकलेल्या तिच्या पाठीत, खांद्यांच्या मधोमध, काहीतरी दाबून सरकल्यासारखं झालं. घाम असेल, असं तिला वाटलं. कार्डिगन होतंच अंगावर.

मग रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला आणि सगळे आवाज परत आले. गजांवर शर्ट नव्हता. खाली जमिनीवर नव्हता, पलीकडच्या गवतातही नव्हता.

सहा वाजता लेस किल्ल्या वाजवत आला. मुद्दाम वाजवत आला असणार.

"कुणासाठी थांबली होतीस?" त्याने विचारलं.

"भावासाठी."

"झालं?"

"झालं," बेव्हर्ली म्हणाली, आणि तिला खरंच तसं वाटलं. पन्नास वर्षं गळ्यात अडकलेला घास खाली उतरावा तसं. लेसने तिची फुलं गाडीपर्यंत नेऊन दिली. "उद्यापासून पोरांना रुमाल कोण देणार?" तो म्हणाला, आणि ती हसली.

घरी स्वयंपाकघरात अजून लख्ख उजेड होता. तिने फुलं भांड्यात घातली, किटली चालू केली, यादी काढून शेवटच्या वस्तूवर खूण केली. मग घामेजलेलं कार्डिगन काढून खुर्चीवर टाकलं. ते आतून-बाहेरून स्वच्छ होतं. ब्लाउज धुवायला टाकावा म्हणून तोही उतरवला आणि यंत्रात घालण्याआधी सवयीने झटकला.

पाठीवर निळ्या पेनाने लिहिलेलं होतं. मोठ्या माणसाचं नव्हे, शाळकरी पोराचं गोल गोल अक्षर, इतकं दाबलेलं की शाई कापडाच्या आतल्या बाजूला उतरली होती. एकच ओळ.

'हाक ऐकली होतीस ना?'

प्रश्नचिन्हाखालचा ठिपका वाटाण्याएवढा होता, आणि तिथे कापड फाटलं होतं.

किटली उकळून आपली आपण बंद झाली. खिडकीच्या फळीवर कीथचा फोटो होता. तिने तिकडे पाहिलं नाही. ब्लाउज दोन्ही हातांत धरून ती उभी राहिली. तिला वाटलं होतं तेवढंच सांगायचं राहिलं नव्हतं. फाटकाचं तर तिने आज सांगून टाकलं होतं. हे तिने स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं.

"ऐकली होती," ती रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणाली. "तीनही वेळा ऐकली होती रे, ट्रेव्ह. बगळा नव्हता तो."